प्रवरेच्या कांठीं : इशारा आणि धास्ती

तीर्थयात्रेस निघालेला मनुष्य देवळें पाहतो, प्रकृतीसाठीं निघालेला हवापाणी पाहतो, आणि जन्मभर शाळेंत शिकवून निवृत्त झालेला मनुष्य निघाला म्हणजे तो बहुधा लोकांचें बोलणें ऐकत हिंडतो. गेल्या श्रावणांत प्रवरा नदीच्या कांठाकांठानें, गोदावरीच्या संगमापासून थेट भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत जाण्याचा योग मला आला. बरोबर धाकटे बंधु होते व गाडी हांकण्यास पुतण्या होता. आमचा हा प्रवास उलट्या दिशेचा होता. नदीचें पाणी वरून खालीं येतें, आणि पाणी वाढल्याचा इशाराही वरूनच खालीं येतो. आम्ही मात्र खालून वर चाललों होतों. कारण संकटाचा इशारा माणसापर्यंत कोणत्या साधनानें पोंचतो व त्या साधनानुसार त्याच्या मनाची स्थिति कशी होते, हें मला पाहावयाचें होतें.

ही जिज्ञासा नुसत्या कुतूहलाची नव्हती. २० जुलै २०२३ रोजीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास राज्यांतील असंख्य मोबाईल एकाएकीं कर्कश स्वरांत ओरडूं लागले, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरण व सरकारचें दूरसंचार खातें यांनीं नव्या इशारापद्धतीची घेतलेली ती चाचणी होती. पुढें ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांतही अशाच चाचण्या झाल्या. ही केवळ चाचणी आहे, कांहीं करण्याचें कारण नाहीं, असें त्या संदेशांतच लिहिलेलें होतें. परंतु अक्षरें वाचण्यापूर्वींच आवाज कानांत शिरतो. आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं अकरा माणसें आणि आठ मोबाईल. ते एकाच क्षणीं निरनिराळ्या खोल्यांतून ओरडले. आमच्या मातोश्रींनीं नव्वदी गांठली आहे. त्या दिवसापासून मोबाईलची साधी घंटा वाजली तरी त्यांच्या छातींत धडधडूं लागे, व रात्रीं त्या उशीजवळचा मोबाईल पुनःपुन्हा चांचपून पाहत. बंधूंचें म्हणणें, हे इशारे सर्वांच्याच मोबाईलमधून बंद करून टाकावे. धाकट्या वहिनींचें म्हणणें, "आणि खरेंच कांहीं आलें म्हणजे?" दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें. चाचणीच्या आदल्याच रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. एकीकडे शहरोशहरीं लोक चाचणीच्या आवाजानें दचकत होते, त्याच सकाळीं त्या वाडीवर कोणत्याही आवाजाविना गाडले गेलेले जीव शोधण्याचें काम चाललें होतें.

आमचा पहिला मुक्काम प्रवरासंगम. नेवासें तालुक्यांतील या ठिकाणीं प्रवरा गोदावरीस मिळते. पलीकडे टोक्याचें सिद्धेश्वराचें देऊळ, खालीं दगडी घाट, आणि श्रावणांतलें गढूळ, जड पाणी. घाटावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. मीं इशाऱ्याची गोष्ट काढतांच ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या लहानपणीं दवंडी होती. दवंडीवाला गल्लींत आला म्हणजे बायका दारांत येत, आणि त्याला उभा करून विचारीत, 'कां रे बाबा, पाणी कुठवर आलें? जनावरें हलवूं का?' आतां या यंत्राला विचारायचें तरी काय?"

त्यांच्या या बोलण्यांत एक मोठें मर्म आहे. दवंडी हें मंदगतीचें साधन होतें. सर्व गांव फिरून होईपर्यंत पाणी अंगणांत येण्याचा संभव असे. पण तिला चेहरा होता. दवंडी पिटणाराचा आवाज ओळखीचा, त्याचें घर ठाऊक, आणि मुख्य म्हणजे त्याला प्रश्न विचारतां येई. प्रश्न विचारतां आला म्हणजे अर्धी भीति तेथेंच ओसरते.

संस्कृत व्याकरण शिकवितांना एक गोष्ट मी मुलांना नेहमीं सांगत असें. ज्यापासून भय वाटतें, त्या वस्तूला पाणिनीनें पंचमी विभक्ति सांगितली आहे. वाघापासून भय, चोरापासून भय. म्हणजे भयाला उगमस्थान हवें, 'कोठून?' या प्रश्नाचें उत्तर हवें. ज्या भयाला पंचमी सांपडत नाहीं, तें भय राहत नाहीं. त्याची धास्ती होते. भय माणसाला उठवून उभें करतें, धास्ती त्याला अंथरुणांत जागें ठेवते. इशाऱ्याचें कोणतेंही साधन पारखावयाचें तर एवढीच कसोटी पुरे आहे, असें मला या प्रवासांत वाटूं लागलें. त्यानें भयाची पंचमी सांगितली कीं नुसता आवाज केला?

नेवासें मागें टाकून आम्ही कोल्हारास पूल ओलांडला व लोणीकडे वळलों. हा सगळा मुलूख उंसाचा. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हें सर्वांस माहीत आहेच. कारखान्याचा मुलूख म्हणजे भोंग्याचा मुलूख. कारखान्याचा भोंगा हा कांहीं मधुर नसतो. चाचणीच्या दिवशीं मोबाईल ओरडला त्याहून तो पुष्कळच मोठा. परंतु भोंग्यानें कोणाची छाती धडधडल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट, भोंगा झाला म्हणजे बाया चुलीवर आधण ठेवतात व म्हातारे घड्याळ लावतात. नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कराचा तोफांचा सराव चालतो. जवळच्या गांवांतील लोक त्या धडाक्यांना असेच सरावलेले आहेत. यावरून दिसतें कीं, आवाजाच्या मोठेपणाचा व धास्तीचा संबंध आपण समजतों तितका नाहीं. आवाज केव्हां येणार व कशासाठीं येणार हें ठाऊक असलें म्हणजे मन त्याला घरचा समजतें. वर्षांतून दोनचार वेळां, अवचित, खिशांतून किंवा उशाखालून ओरडणारा आवाज मात्र घरचा कसा व्हावा?

लोणीहून संगमनेरास जातांना वाटेंत उंसाला लागून असलेल्या एका वस्तीवर पाणी पिण्यास थांबलों. उंसांत बिबट्यांचें ठाणें. माद्या उंसांतच पिलें घालतात, आणि तोड सुरू झाली कीं बिबट्या वस्त्यांकडे सरकतो. आतां पुष्कळ गांवांनीं 'ग्रामसुरक्षा यंत्रणा' घेतली आहे. तिची रीत साधी आहे. गांवांतील लोकांचे मोबाईल क्रमांक आधीं नोंदवून ठेवावयाचे. चोर, आग, बिबट्या, हरवलेलें मूल असें कांहींही झालें कीं ज्यानें पाहिलें त्यानें ठराविक निःशुल्क क्रमांकावर फोन करून आपल्याच तोंडानें हकीकत सांगावयाची. त्याचा तोच आवाज क्षणांत सर्व गांवाच्या मोबाईलवर फोन होऊन येतो. वस्तीवरच्या बाईंना मीं विचारिलें, "रात्रीं असा फोन आला म्हणजे भीति वाटत नाहीं का?" त्या हंसून म्हणाल्या, "वाटती कीं गुरुजी. पर आवाज पोलीसपाटलाचा असतोय, न्हाईतर भाऊबंदातल्या कुनाचा. बिबट्या कुन्या मळ्यात हाय ते तो सांगतो. मग दार लावायचं, शेळ्या आत घ्यायच्या, आन् निजायचं."

'आन् निजायचं' या दोन शब्दांनीं मी थक्क झालों. मोबाईल तोच, रात्रही तीच. किंबहुना बिबट्या हें संकट चाचणीच्या संदेशाहून कितीतरी खरें. तरी ही बाई निजते व आमच्या मातोश्री जागतात. फरक एवढाच कीं, हिच्या मोबाईलमधून ओळखीचा माणूस बोलतो, जागा सांगतो, आणि तिनें काय करावयाचें तेंही कळतें. दवंडीवाल्याचा चेहरा गेला, पण त्याचा कंठ या यंत्रानें राखला आहे.

संगमनेरास प्रवरेच्या घाटावर संध्याकाळ काढली. म्हाळुंगी येथेंच प्रवरेला मिळते. पाणी पायऱ्यांना लागलें होतें व पोरें तें पाहावयास जमलीं होतीं. येथें प्रत्येकाच्या तोंडीं एक शब्द ऐकूं येतो, तो म्हणजे 'क्यूसेक'. एका सेकंदास एक घनफूट, म्हणजे सुमारें अठ्ठावीस लिटर पाणी, असा त्याचा अर्थ. निळवंड्यांतून इतके क्यूसेक सोडले, असें वर्तमानपत्रांत येतें, ध्वनिक्षेपकावरून पुकारलें जातें, मोबाईलवर फिरतें. कांठावर राहणारा मनुष्य त्या आंकड्याचें लगेच आपल्या भाषेंत रूपांतर करतो: इतके सुटले म्हणजे अमुक पायरी बुडणार, इतके सुटले म्हणजे लहान पूल बंद. शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसालाही हें गणित येतें. आंकडा म्हणजे भयाची पंचमीच. कोठून किती येतें आहे, हें तो सांगतो.

त्याच घाटावर उभे असतां पुतण्याच्या मोबाईलवर हवामान खात्याच्या नांवें एक संदेश आला: पुढील तीन तासांत जिल्ह्यांत तुरळक ठिकाणीं विजांसह पाऊस. वर आकाश निरभ्र होतें. तो म्हणाला, "काका, हे असेच येतात. पहिल्यांदा धावपळ होते, मग कोणी पाहतच नाहीं." यांत हवामान खात्याला दोष देण्यासारखें नाहीं, पण जिल्ह्याचा विस्तार ध्यानांत घेतला पाहिजे. अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासूनचा अहिल्यानगर जिल्हा, महाराष्ट्रांत क्षेत्रफळानें सर्वांत मोठा: सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश व चौदा तालुके. एका टोंकास राज्यांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, जेथें पावसाळ्यांत चार चार दिवस सूर्य दिसत नाहीं. दुसऱ्या टोंकास जामखेड-कर्जतचें अवर्षणाचें रान. एवढ्या प्रदेशाला एकच वाक्य पाठविलें तर घाटघरच्या पावसासाठीं जामखेडचा मनुष्य छत्री उघडतो, आणि दहावेळां फसल्यावर अकराव्या वेळीं उघडीत नाहीं. सतत धास्ती व संपूर्ण बेपर्वाई हीं एकाच झाडाचीं दोन फळें आहेत. याउलट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें केलेलें 'दामिनी' नांवाचें साधन आहे. मोबाईल जेथें असेल त्याच्या आसपासच्या वीस व चाळीस किलोमीटरच्या टापूंत वीज पडते आहे का, तें तें दाखवितें. शेतांत असलेल्या माणसाला अशी सूचना उपयोगाची. कारण ती त्याच्या बांधाजवळची असते.

येथें नव्या इशारापद्धतीचा गुणही सांगितला पाहिजे. सी-डॉट या सरकारी संस्थेनें ती तयार केली आहे. साधा संदेश एकेका क्रमांकावर जातो, व गर्दी झाली कीं वाटेंत खोळंबतो. नवा इशारा मनोऱ्यावरून त्याच्या टापूंतील सर्व मोबाईलवर एकदम पडतो, जसा ध्वनिक्षेपकाचा आवाज पटांगणांत पडावा तसा. कोणाचाही क्रमांक ठाऊक असण्याची गरज नाहीं; परगांवचा पाहुणा असला तरी त्यालाही तो मिळतो. म्हणजे तालुकाच काय, नदीकांठचीं चार गांवें निवडून तेवढ्यांनाच सावध करणें या साधनाला शक्य आहे. जिल्हाभर ओरडणें हा यंत्राचा स्वभाव नव्हे. तें वापरणाराच्या संवयीवर आहे.

परदेशांतील दोन गोष्टी या ठिकाणीं सांगण्याजोग्या आहेत. १३ जानेवारी २०१८ रोजीं अमेरिकेच्या हवाई बेटांत सकाळीं सर्व मोबाईलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला. तो चुकीचा होता. परंतु चूक झाल्याचा संदेश मोबाईलवर येण्यास अडतीस मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळांत लोकांनीं मुलें न्हाणीघरांत निजविलीं, दूरच्या आप्तांना अखेरचे निरोप दिले. पुढें त्या लोकांच्या लेखनाचा अभ्यास झाला. त्यांत असें आढळलें कीं, मुळांत चिंताग्रस्त असलेले लोक खुलासा झाल्यावर लवकर सांवरले. जे आधीं शांत होते, त्यांचीच अस्वस्थता नंतर कांहीं काळ रेंगाळली. दुसरी गोष्ट जपानची. तेथील सार्वजनिक नभोवाणीवर भूकंपाच्या इशाऱ्यापूर्वीं जी घंटा वाजते, ती तोरू इफुकुबे या प्राध्यापकांनीं रचली. बहिऱ्या माणसांसाठीं साधनें करण्यांत त्यांचें आयुष्य गेलेलें. ऐकणारा चटकन उठावा, पण भेदरूं नये. ऐकूं कमी येणारालाही ती कळावी. आणि नेहमींच्या कोणत्याही आवाजाशीं ती मिसळूं नये, अशा कसोट्या लावून त्यांनीं ते स्वर निवडले. इशाऱ्याचा आवाज हाही विचारपूर्वक करण्याचा विषय आहे, हें त्या लोकांनीं ओळखलें.

दुसऱ्या दिवशीं अकोल्यावरून, राजूरवरून वर चढलों. भातखाचरें भरलेलीं, डोंगरांवरून पांढरे झरे उतरलेले, आणि रंधा धबधब्याचा घोष रस्त्यापर्यंत येणारा. भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं बांधावयास घेतलें व १९२६ सालीं पुरें झालें. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर विल्सन यांचें नांव त्याला मिळालें. दोनशें सत्तर फूट उंचीची ही चिरेबंदी भिंत, आणि तिच्यामागें अकरा हजार दशलक्ष घनफूट पाणी. रतनगडाच्या पायथ्याशीं, रतनवाडीच्या अमृतेश्वराजवळ जें पाणी ओंजळींत मावतें, तें येथें समुद्रासारखें पसरलेलें दिसतें. भिंतीखालच्या रस्त्यावर उभें राहिलें असतां मनांत येतें कीं, खालच्या साऱ्या मुलखाची झोंप या दगडांवर विसंबलेली आहे. पावसाची झड अशी होती कीं पुतण्याच्या मोबाईलला तेथें धड संपर्कही मिळेना. तेव्हां भोंगा, पुकारा, पायीं धावणारा मनुष्य हीं जुनीं साधनें मोडीत काढण्याची वेळ अद्याप आलेली नाहीं. जेथें संकट जन्मतें त्या डोंगरांत मोबाईल मुका होतो, आणि जेथें तो मोठ्यानें ओरडतो तेथें बहुधा आकाश स्वच्छ असतें.

परत येतांना बंधूंशीं वादाचा निकाल लागला. इशारे बंद करावयाचे नाहींत, असें ठरलें. कारण इर्शाळवाडी विसरतां येत नाहीं. पण ते घेण्याची रीत बदलावयाची. मातोश्रींच्या उशाजवळचा मोबाईल माजघरांत गेला. रात्रीं इशारा घेण्याचें काम पुतण्याकडे आलें. इशारा आला कीं त्यानें एकट्यानें न वाचतां मोठ्यानें वाचावयाचा, आणि त्याला तीन प्रश्न विचारावयाचे: कोठून, कोठपर्यंत, केव्हांपर्यंत. उत्तर आपल्या गांवाला लागू असेल तर दार, दिवा, औषधें व मुलें यांची व्यवस्था. नसेल तर तसें मोठ्यानें सांगून मोकळें व्हावयाचें. जिल्हाधिकारी कचेरी, धरणाची कचेरी किंवा हवामान खातें यांच्याकडून आलेलें नाहीं असें कोणतेंही वर्तमान, मग तें दहा जणांनीं पुढें ढकललेलें असो, घरांत वाचून दाखवावयाचें नाहीं. पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, त्यानंतर पुण्यांत 'पाणी आलें, पाणी आलें' या नुसत्या आवईनें माणसें पळत सुटलीं होतीं. तेव्हां आवई पायांनीं धांवत होती. आतां तिला मोबाईलचे पंख आले आहेत.

हा क्रम सुरू झाल्यापासून मातोश्रींना झोंप लागते, असें वहिनी सांगतात. संकटें कमी झालीं नाहींत. परंतु एकेकट्याच्या उशाखालीं असलेली धास्ती माजघरांत आली, आणि माजघरांत ती चार माणसांत वांटली गेली. एकत्र कुटुंबाचे तोटे पुष्कळ सांगितले जातात. हा लाभही मांडून ठेवावासा वाटतो.

एक उणीव मात्र घरगुती उपायांनीं भरून निघणारी नाहीं. युद्धकाळच्या भोंग्याचे दोन स्वर असत. चढउतार करणारा स्वर संकटाचा, व एकसारखा लांब स्वर संकट टळल्याचा. ७ मे २०२५ रोजीं देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हां नव्या पिढीलाही त्यांची ओळख झाली. संकट टळल्याचा स्वर ऐकून लोक श्वास सोडीत व कामाला लागत. आजच्या मोबाईलवर इशारा येतो, पण 'आतां भय नाहीं, निजा' असें सांगणारा संदेश क्वचितच येतो. तीन तास उलटून जातात, पाऊस पडतो किंवा पडत नाहीं, आणि मनांतला गजर मात्र कोणी बंद करीत नाहीं. सुरू झालेल्या कोणत्याही कर्माला समाप्ति असावी, हें आपल्याकडे पूजेपासून शाळेच्या घंटेपर्यंत सर्वत्र पाळलें जातें. ज्यांच्या हातीं हीं यंत्रें आहेत त्यांनीं हा दुसरा स्वरही वाजवावा. प्रवरेचें पाणी ओसरलें हें कांठच्या माणसाला पायऱ्या सांगतात. ज्यांच्या दारांत नदी नाहीं, त्यांना तें कोणीतरी सांगितलें पाहिजे.